रोगाच्या मुळाशी जाणारे शिक्षण



‘मॉलिक्युलर मेडिसीन’ हे नाव कानावर पडले की घरातून पहिला प्रश्न येतो, “म्हणजे डॉक्टरच ना?” उत्तर आहे, नाही. हे शिक्षण घेऊन नावापुढे एम.एससी. लागते, एम.बी.बी.एस. लागत नाही. दवाखाना उघडता येत नाही, रोग्याला औषध लिहून देता येत नाही. मग लगेच दुसरा प्रश्न येतो, “असे असेल तर शिकायचे कशाला?” आजचे सदर या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायला रविवारी जी मुले-मुली येतात, त्यांत बी.एससी. झालेले पुष्कळ असतात. बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, झुऑलॉजी असे त्यांचे विषय. मेडिकलला थोडक्या मार्कांनी नंबर हुकलेला असतो. पुढे काय, हे घरात कोणाला सांगता येत नाही. आई धुणीभांडी करते, वडील कारखान्यात किंवा नगरपालिकेत. त्यांना दोष कसा द्यायचा? ज्या विषयाचे नावच पूर्वी ऐकले नाही, त्यावर मुलीची दोन, चार, सात वर्षे लावायची की नाही हे त्यांनी कशाच्या आधारे ठरवावे? मी स्वतः वाणिज्य शाखेची पदवीधर, नोकरीने कारकून. विज्ञान माझा विषय नव्हे. पण या मुलांना उत्तर देता यावे म्हणून जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आपल्यासमोर ठेवते.

प्रथम नावाचा अर्थ. मॉलिक्यूल म्हणजे रेणू. आपले शरीर पेशींचे बनले आहे आणि पेशीतले सारे काम रेणू करतात. अन्न पचवणे, श्वासातला प्राणवायू वाहून नेणे, जंतूंशी लढणे, ही सारी त्यांचीच कामे. रोग होतो तेव्हा पुष्कळदा यांतल्या एखाद्या रेणूचे काम बिघडलेले असते. डॉक्टर रोग्याला तपासतो, त्याचा ताप आणि दुखणे बघतो. रेणवीय वैद्यकशास्त्र शिकलेला माणूस त्याच्या रक्ताच्या थेंबात शिरून नेमका कोणता रेणू बिघडला आणि का बिघडला, हे शोधतो. डॉक्टरच्या हातात जी तपासणी आणि जे औषध येते, त्यामागे अशा माणसांचे काम असते. कोरोनाच्या काळात नाकात काडी घालून आरटी-पीसीआर तपासणी होत होती, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. काडी घालणारे आपल्याला दिसत होते. ती काडी प्रयोगशाळेत गेल्यावर विषाणूचा अंश ओळखणारे लोक दिसत नव्हते. त्यांत अशाच विषयांत एम.एससी. झालेली असंख्य मुले-मुली होती.

आता या शास्त्राचा जन्म कसा झाला ते पाहू. कारण तो ज्या रोगातून झाला, तो रोग आपल्या घरांत आहे.

सिकलसेल हे नाव विदर्भातल्या वाचकांना नवीन नाही. नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत आदिवासी बांधवांमध्ये, आपल्या समाजात आणि इतरही काही जातींत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मूल वारंवार आजारी पडते, हातपाय सुजतात, डोळे पिवळे दिसतात, रक्त कमी होते आणि हाडांत अशी कळ येते की पोर रात्रभर रडते. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. म्हणून रक्त पुरत नाही.

अमेरिकेतील शिकागो शहरात जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पण पेशी वाकडी का होते, हे पुढची जवळजवळ चाळीस वर्षे कोणाला सांगता आले नाही. ते कोडे उलगडण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो एक विद्यार्थी होता. त्याची हकीकत प्रत्येक पालकाने मुलांना सांगावी अशी आहे.

त्याचे नाव हार्वे इटानो. जपानहून अमेरिकेत गेलेल्या आईबापांचा हा मुलगा. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९४२ साली तो पदवी परीक्षेत सर्वांत वरचा आला, विद्यापीठाचे पदक त्याला जाहीर झाले. परंतु पदवीदान समारंभाला तो हजर राहू शकला नाही. कारण तेव्हा अमेरिका आणि जपान यांचे युद्ध चालू होते, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना सरकारने घरादारातून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले होते. इटानो अमेरिकेत जन्मलेला, अमेरिकेचा नागरिक. गुन्हा काहीच नाही. जन्म कोणाच्या पोटी झाला, एवढ्यावरून त्याला तारेच्या आत टाकले गेले. जन्मावरून माणसाची जागा ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी निराळे समजावून सांगायला नको.

पुढे वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यामुळे त्याला छावणीतून जाऊ देण्यात आले. १९४५ साली तो सेंट लुईसमधून डॉक्टर झाला. तिथे न थांबता तो कॅलिफोर्नियात प्रख्यात शास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांच्याकडे पीएच.डी.साठी विद्यार्थी म्हणून दाखल झाला. पाउलिंगनी त्याला सिकलसेलचे कोडे दिले. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाच्या आणि सिकलसेलच्या रोग्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन वेगळे काढले आणि विजेच्या क्षेत्रात दोन्ही कसे सरकतात ते पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकले. म्हणजे मूळ दोष पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत होता. ज्यांच्या अंगात हा गुण आहे पण आजार नाही, अशांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन मिळाले. १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि सिकलसेलला ‘रेणवीय रोग’ असे नाव मिळाले. रेणवीय वैद्यकशास्त्राची सुरुवात इथून मानतात. शोध प्रसिद्ध झाला तेव्हा इटानोची पीएच.डी. अजून पूर्ण व्हायची होती, ती १९५० मध्ये झाली.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकी चूक शोधली. हिशेबाच्या भाषेत सांगते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ नोंदी आहेत. त्यांतली फक्त सहावी नोंद बदललेली आहे. ग्लुटामिक आम्ल हवे तिथे व्हॅलिन आले आहे. बाकी १४५ नोंदी बरोबर. आमच्या खतावणीत एक आकडा चुकला की वर्षअखेरीला ताळेबंद जुळत नाही, तसे एका नोंदीपायी सारे शरीर वेठीला धरले जाते.

यातून एक गोष्ट पक्की ठरली. हा आजार मागच्या जन्मीचे पाप नाही, कोणाची नजर नाही, करणी नाही, आणि ‘रक्तच वाईट’ असेही नाही. उलट १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की, ज्याच्यात या गुणाची एकच प्रत असते त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जिथे पूर्वापार मलेरियाचा मोठा जोर होता, त्या प्रदेशांतल्या लोकांत हा गुण टिकून राहिला. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि आपला मध्य भारत, ही सारी त्याची घरे आहेत. ज्या गुणाने आपल्या पूर्वजांना तापातून वाचवले, त्याच्या दोन प्रती एका लेकराच्या वाट्याला आल्या की आजार होतो.

इथे थोडे थांबून नीट समजून घ्या, कारण लग्नाच्या बैठकीत याचा गोंधळ होतो. ज्याच्या रिपोर्टवर ‘एएस’ आहे तो वाहक. तो रोगी नाही. तो काम करतो, संसार करतो, सर्वसाधारण आयुष्य जगतो. ‘एसएस’ म्हणजे आजार. वाहकाचे लग्न ‘एए’शी, म्हणजे हा गुण नसलेल्याशी झाले, तर एकाही मुलाला सिकलसेल आजार होत नाही. फार तर मूल वाहक होईल. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निरोगी मुलाची. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द लक्षात ठेवा. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन बरी होतील, असा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. अशा जोडप्याने गरोदरपण कळताच दवाखान्यात सांगावे. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते, आणि ती तपासणीही याच शास्त्राची देणगी आहे.

म्हणून लग्नाआधी तपासणी जरूर करावी, परंतु मुलाची आणि मुलीची दोघांचीही करावी. आज काय होते? मुलीचा कागद मागतात, मुलाचा विचारत नाहीत. मुलगी ‘एएस’ निघाली की ‘मुलीत खोट आहे’ म्हणून स्थळ परत जाते. आपण पत्रिका आणि मुहूर्त सोडले. आता रक्ताच्या कागदाची नवी पत्रिका करून बसलो, तर शिकून काय साधले?

चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाण कामगाराचे घर माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. नाव देत नाही. थोरली मुलगी वाहक, धाकटा मुलगा ‘एसएस’. त्या पोराच्या दुखण्यात बहीण वाढली. भावाला कळ आली की रात्री दवाखान्यात तीच घेऊन बसायची. बी.एससी. मायक्रोबायॉलॉजी झाली आणि रेणवीय जीवशास्त्राकडे वळली. मामा-काकांनी वडिलांना घेरले. लग्नाचे वय निघून जाते, त्यात आधीच एक स्थळ तिच्या रिपोर्टवरून फिरलेले. वडील मला म्हणाले, “ताई, पोरगी डॉक्टर होत नाही म्हणते, मंग इतके वर्ष करते काय तिथं?” मी म्हटले, तिलाच विचारा. त्यांनी विचारले. मुलीने पाटीवर दोन रंगांच्या खडूंनी आई, बाप, ती स्वतः आणि भाऊ अशी चौघांची आकृती काढून दाखवली. वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हे तुह्या मायचं एकटीचं नव्हतं.” त्या घरात चौदा वर्षे आजारी पोराचा ठपका आईवर होता. आजी उठता-बसता बोलून दाखवायची. त्या दिवशी वडिलांना समजले की अर्धी प्रत त्यांचीही होती. मुलगी अजून शिकते आहे. नेटच्या परीक्षेत एकदा अपयश आले, दुसऱ्यांदा बसणार आहे. पुढे तिला काय मिळेल ते मिळो. आईच्या डोक्यावरचे ओझे मात्र तिने शिकता शिकताच उतरवले.

आता शास्त्र कुठवर आले ते सांगते. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने सिकलसेलचा त्रास होत नाही, हे जॅनेट वॉटसन या महिला डॉक्टरांनी १९४८ मध्येच नोंदवले होते. कारण बाळाच्या रक्तात गर्भातले निराळे हिमोग्लोबिन असते आणि ते पेशी वाकू देत नाही. वाढत्या वयात ते बनणे बंद होते. हायड्रॉक्सियुरिया हे जे औषध आज दिले जाते, ते या गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि कळांचे झटके कमी करते. परंतु ते बनणे बंद कोण करतो? २००८ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत ‘बीसीएल११ए’ नावाच्या रेणूचे हे काम उघडकीला आले. ते काम पुढे नेणारा विजय शंकरन हा तेव्हा डॉक्टरी आणि पीएच.डी. एकत्र करणारा विद्यार्थी होता. पुन्हा विद्यार्थीच!

या शोधाच्या आधारे रोग्याच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून, जनुकात सुधारणा करून त्या परत शरीरात घालण्याची उपचारपद्धती तयार झाली. त्यासाठी लागणारी जनुक कापण्याची ‘क्रिस्पर’ पद्धत शोधणाऱ्या इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या दोन स्त्री शास्त्रज्ञांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या चार मुलांच्या आईवर हा उपचार झाला आणि २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इंग्लंड-अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. किंमत मात्र ऐका. अमेरिकेत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. गडचिरोलीच्या शेतमजुराने हे पैसे कोठून आणायचे?

म्हणून असे उपचार आपल्या देशात, आपल्या लोकांना परवडतील असे बनवावे लागतात. दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःची जनुक उपचारपद्धती विकसित केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बिरसा मुंडांच्या नावाने जाहीर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला तिचे तंत्रज्ञान देण्यात आले आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनच्या आजारांचे केंद्र आहे. या सगळ्या ठिकाणी काम करणारी माणसे कुठून येणार? ज्यांच्या घरात हा आजार नाही तेही मनापासून काम करतात, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ज्या घरातले रक्त तपासायला नेतात, त्या घरातली मुलगी रक्त तपासणाऱ्यांत का नसावी? रोगी म्हणून रांगेत आपण, आणि पलीकडे काचेआड आपले कोणीच नाही, ही स्थिती आपण बदलली पाहिजे.

आता व्यवहाराकडे वळू.

एम.एससी. दोन वर्षांची. शिकवणीत पेशीशास्त्र, जीवरसायन, जनुकशास्त्र, रोगप्रतिकारशक्ती, कर्करोग, संगणकावर जनुकांचा अभ्यास, आणि शेवटी स्वतःचा प्रकल्प. दिवसाचे बरेच तास प्रयोगशाळेत उभे राहून जातात. एका थेंबाचाही लहान अंश मोजून घ्यायचा. प्रयोग फसतो, पुन्हा करायचा, पुन्हा फसतो. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले सहा महिने इंग्रजी पुस्तकांचे फार जड जाते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे रडत घरी येणाऱ्या मुलीला ‘तुला जमत नाही, सोड’ असे कोणी म्हणणार नाही. सहा महिने निघाले की जमते.

नावाला भुलू नये. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात रेणवीय वैद्यकशास्त्राचे स्वतंत्र केंद्र आहे. कोचीच्या अमृता विद्यापीठातही या विषयाचा विभाग आहे, पण ते खाजगी. तेव्हा फी आधी पाहावी. हाच अभ्यास बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, ह्यूमन जेनेटिक्स अशा नावांनी सरकारी विद्यापीठांत कमी फीमध्ये होतो. नागपूर विद्यापीठात मॉलिक्युलर बायॉलॉजीचा विभाग आहे, पुणे विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी आहे. बायोटेक्नॉलॉजीच्या केंद्रीय मदत मिळणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांसाठी ‘गॅट-बी’ ही प्रवेश परीक्षा असते. पुढे पीएच.डी.साठी पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, खारघरचे टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र, परळची केईएम आवारातली रक्तविज्ञान संस्था, अशा नामांकित जागा आपल्याच राज्यात आहेत.

पैशाचा हिशेब असा. नुसत्या एम.एससी.वर नोकरी मिळते ती तपासणी प्रयोगशाळा, औषध आणि लस कंपन्या किंवा संशोधन प्रकल्पांत. सुरुवातीचा पगार बेताचा आणि पुष्कळ जागा कंत्राटी. ज्या घराला उद्याच्या उद्या कमावता हात हवा आहे, तिथे डी.एम.एल.टी. करून लॅब टेक्निशियन होणे हाही मानाचा मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही. परंतु दोन वर्षे धीर धरता येत असेल आणि मुलात जिद्द असेल, तर नेट-जेआरएफकडे लक्ष ठेवावे. ती परीक्षा निघाली की संशोधन करताना दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, शिवाय घरभाडे. दोन वर्षांनंतर ४२ हजार. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. म्हणजे पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे बापाच्या खिशातून काढावी लागत नाहीत. जेआरएफ नसेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची फेलोशिप यांच्या जाहिराती पाहाव्या. मात्र फेलोशिपचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असे धरून चालू नये. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा.

एम.एससी.साठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर. खाजगी संस्थेत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी ‘या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती लागू आहे काय’ हे संस्थेकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर दागिने गहाण टाकू नयेत. परदेशी जायचे असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत आणि त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठी आहे. बर्लिनच्या शारिटे या जगप्रसिद्ध रुग्णालय-विद्यापीठात, आयर्लंडच्या ट्रिनिटी कॉलेजात, इंग्लंडच्या शेफील्डमध्ये याच नावाची एम.एससी. इंग्रजीतून आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. पण शिष्यवृत्ती नसेल तर राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे सुमारे १२ हजार युरो आधी बँकेत दाखवावे लागतात. फुकट शिक्षण म्हणून सांगणारा एजंट ही गोष्ट शेवटी सांगतो.

आणि कागद! कागदापायी हुशार मुलांच्या जागा जाताना मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. पण केंद्रीय संस्थेत केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला मागतात, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. दोन्ही काढून ठेवावे. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, बँक खात्याला आधार जोडणे ही कामे बी.एससी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच उरकावी. निकाल लागल्यावर धावपळ करू नये.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलगा-मुलगी जो विषय निवडतात तो त्यांच्याकडून एकदा समजावून घ्या. ‘आम्हाला काय कळते’ असे म्हणू नका. जे शिकलेल्या मुलाला अडाणी आईला समजावून सांगता येत नाही, ते त्यालाही पुरते कळलेले नसते. आणि विद्यार्थ्यांना सांगणे की, वस्तीत तपासणी शिबिर असेल तेव्हा तुम्ही तिथे उभे राहा. कागदावरच्या ‘एएस’, ‘एसएस’ या अक्षरांचा अर्थ लोकांना त्यांच्या भाषेत सांगा. ते काम दुसरे कोणी तुमच्याइतके चांगले करणार नाही.

ज्या घरांत अजून तपासणी झालेली नाही, त्यांनी या महिन्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ती करून घ्यावी, नवऱ्याने आणि बायकोने दोघांनी. रिपोर्ट हातात आला की तो पेटीत ठेवून देऊ नका. घरात, शेजारी, गल्लीत विज्ञान शिकणारी एखादी मुलगी असेल, तर तो कागद तिच्या हातात द्या आणि सगळ्यांनी भोवती बसून ऐका.